परदेशी पैसा आणि बट्ट्याचा हिशेब

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. परदेशी पैसे? आम्ही कुठे चाललोय परदेशात? पण जरा आपल्याच आजूबाजूला बघू या. यात्रा कंपनीबरोबर पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करून आलेली एखादी आजी आता बऱ्याच गावांत भेटते. आपल्या बौद्ध भगिनी बोधगया, सारनाथ, कुशीनगर करतात आणि लुंबिनीला जातात. ही लुंबिनी नेपाळात आहे. आपल्या मुस्लिम भगिनी उमराहला आणि हजला जातात. कुणाची लेक दुबईला असते, कुणाची अमेरिकेत, आणि बाळंतपण आले की आईला बोलावणे येते. पासपोर्ट निघतो, विमानाचे तिकीट येते, बॅग भरली जाते, मेतकूट-डिंकाचे लाडू बांधले जातात. राहतो तो एकच प्रश्न : तिकडे खर्चाला पैसे कुठले न्यायचे आणि कसे बदलायचे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी देतो. जावई म्हणतो, तुम्ही काळजी करू नका. बसचा व्यवस्थापक म्हणतो, सगळ्यांनी पैसे माझ्याकडे द्या, मी बदलून आणतो. भाचा म्हणतो, मावशी, तुला त्यातले काय कळणार! त्यांचे मन वाईट असते असे नाही. पण होते काय, की शंभर-दोनशे करत चार-पाच वर्षे गटात साठवलेला पैसा पाच मिनिटांत दुसऱ्याच्या हातून बदलला जातो. काय भावाने बदलला, त्यात किती तुटले, हे आपल्याला कळतही नाही. मग तिकडे प्रसाद घ्यायचा, नातवाला खेळणे घ्यायचे, तरी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावे लागते. आयुष्यात एकदा घडणारा प्रवास, आणि त्यात आपलाच पैसा आपल्या हातात नाही. म्हणून आज आम्ही हा हिशेब उलगडून सांगणार आहोत. जी बाई गटाची वही लिहू शकते, शेकडा दोन रुपयांनी व्याज काढू शकते, तिला हे येतेच. फक्त कुणीतरी नीट सांगायला हवे.

बट्टा हा आपलाच शब्द

पैसे बदलणे ही काही विमानाबरोबर आलेली गोष्ट नाही. पेशवाईच्या काळात आपल्याकडे एकच एक रुपया चालत नव्हता. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा चांदवडी रुपया वेगळा. टांकसाळ वेगळी, म्हणजे चांदीचा कस आणि वजनही थोडे वेगळे. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफाकडे जावे लागे. सराफ नाणे पारखायचा, वाजवून बघायचा आणि काही हिस्सा तोडून बाकीचे हातात ठेवायचा. त्या तोडलेल्या हिश्शाला म्हणत बट्टा. नावाला बट्टा लागणे असे आपण आजही म्हणतो.

आपल्या थोरल्या बायकांनीही हे अनुभवले आहे. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. आधी रुपयाचे सोळा आणे होते, आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांना पंचवीस नवे पैसे, तिथे हिशेब चोख बसत होता. पण एका आण्याला सहा नवे पैसे धरायचे. आता बघा, रुपयाचे सोळा आणे एकेक करून मोडले तर सोळा सक शहाण्णव. चार पैसे गेले कुठे? तुकड्या-तुकड्याने मोडण्यात गेले. पैसा जितक्या वेळा बदलाल तितक्या वेळा थोडा झिजतो. हा धडा आजही तसाच लागू आहे.

दोन भाव असतात

चलन बदलण्याच्या दुकानात फळ्यावर प्रत्येक देशाच्या पैशापुढे दोन आकडे लिहिलेले असतात. ते पाहून गोंधळायला होते. त्यासाठी सोनाराचे दुकान आठवा. आपण सोने विकत घेतो तेव्हा एक भाव, आणि तेच सोने अडचणीला मोडायला नेतो तेव्हा दुसरा, कमी भाव. परदेशी पैशाचेही तसेच. दुकानदार आपल्याला विकतो तो भाव जास्त, आपल्याकडून घेतो तो भाव कमी. मधला फरक हीच त्याची कमाई, आणि तोच आपला बट्टा.

उदाहरण घेऊ. सौदी अरेबियाचा पैसा म्हणजे रियाल. समजा, दुकानदार एक रियाल २५ रुपयांना विकतो आणि २३ रुपयांना विकत घेतो. हे आकडे आम्ही हिशेबासाठी धरले आहेत, खरा भाव रोज बदलतो. एका ताईने उमराहला जाताना १,००० रियाल घेतले. २५,००० रुपये मोजले. परत आल्या तेव्हा ४०० रियाल उरले. त्यांना वाटले, चारशे म्हणजे दहा हजार परत मिळतील. पण आता दुकानदार २३ च्या भावाने घेणार, म्हणजे ९,२०० रुपये. ८०० रुपये नुसते नेण्या-आणण्यात गेले. शेकडा आठ रुपये! आपल्या गटात महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज जड वाटते, आणि इथे शेकडा आठ जातात तरी आपण 'भावच तसा होता' म्हणून गप्प बसतो.

यातून काय शिकायचे? गरजेपुरतेच घ्यायचे. 'असू दे जास्तीचे' म्हणून घेतलेले पैसे दोनदा बट्टा खातात.

आता दुसरी गोष्ट. पाटीवर लिहिलेले असते, 'कमिशन नाही'. कमिशन नाही म्हणजे दुकानदार फुकट काम करतो असे नाही. त्याने ते भावात मिसळलेले असते. समजा, पहिल्या दुकानात रियाल २४ रुपये ६० पैसे, वर काही नाही. दुसऱ्या दुकानात २४ रुपये ३० पैसे, पण वर २०० रुपये कमिशन. कुठले दुकान स्वस्त?

१,००० रियाल घ्यायचे असतील तर पहिल्याकडे २४,६०० रुपये, दुसऱ्याकडे २४,३०० आणि २०० मिळून २४,५००. दुसरे स्वस्त. पण फक्त ३०० रियाल घ्यायचे असतील तर? पहिल्याकडे ७,३८०, दुसऱ्याकडे ७,२९० आणि २०० मिळून ७,४९०. आता पहिले स्वस्त! म्हणजे नुसता भाव विचारून चालत नाही आणि नुसते कमिशन विचारूनही चालत नाही. काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा : "सगळे धरून मला किती रुपये द्यायचे आहेत आणि माझ्या हातात किती पडणार?" हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यायचे, आणि मग दुसऱ्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारायचा. बाजारात आपण मेथीची जुडी चार ठिकाणी विचारून घेतो. इथे लाजायचे कारण नाही.

या व्यवहारावर जीएसटी लागतो, तेही माहीत असू द्या. दर १८ टक्के आहे, पण तो सगळ्या रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का धरतात, तो २५० रुपयांपेक्षा कमी धरत नाहीत, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे २५,००० रुपयांपर्यंत ४५ रुपये, आणि एक लाखाला १८० रुपये. कुणी पूर्ण रकमेवर अठरा टक्के लावायला लागला तर पर्स उचला आणि बाहेर पडा.

नेपाळ : रुपया तिकडेही, रुपया इकडेही

आपल्याकडून सगळ्यात जास्त बाया जातात त्या नेपाळला. तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात, आणि खरी फसगत तिथेच होते. आपला रुपया मोठा आणि त्यांचा लहान. आपल्या १०० रुपयांचे त्यांचे १६० होतात. हा भाव रोज हलत नाही. १९९३ पासून तो एक रुपयाला एक रुपया साठ पैसे असा बांधलेला आहे. त्यामुळे नेपाळात कुणी म्हणाला, 'आज भाव पडलाय, शंभराचे एकशे चाळीसच मिळतील', तर समजायचे की भाव पडलेला नाही, माणूस बट्टा जास्त कापतोय.

हिशेबाची सोपी युक्ती सांगतो. आपल्या रुपयाचे नेपाळी करायचे तर दीडपट करा आणि मूळ रकमेचा दहावा हिस्सा त्यात मिळवा. २०० रुपयांचे दीडपट ३००, दहावा हिस्सा २०, झाले ३२०. उलटे करायचे, म्हणजे नेपाळी किमतीचे आपले रुपये काढायचे, तर निम्मे करा आणि त्या निम्म्याचा पाव हिस्सा त्यात मिळवा. शालीची किंमत ८०० नेपाळी. निम्मे ४००, त्याचा पाव १००, झाले आपले ५००. जुन्या बायकांना पावकी, निमकी, दीडकी पाठ असायची. त्यांना हा हिशेब बोटावर येईल. घरात अशी आजी असेल तर तिच्याकडून शिकून घ्या.

दुकानदाराने किंमत सांगितली की आधी विचारायचे : कुठले रुपये? तिकडे भारतीय रुपयाला भारू किंवा आयसी म्हणतात, आणि नेपाळी रुपयाला नेरू किंवा एनसी. हे दोन शब्द लक्षात ठेवा. ५०० नेपाळी किमतीच्या वस्तूला चुकून आपले ५०० दिले तर तीनशे नेपाळी रुपये जास्त गेले.

मोड घेतानाही लक्ष हवे. बऱ्याच ठिकाणी दुकानदार आपले रुपये घेतो, पण उरलेले नेपाळी देतो. समजा, वस्तू ५०० नेपाळीची आहे आणि आपण शंभराच्या चार नोटा दिल्या. चारशेचे झाले ६४० नेपाळी. म्हणजे १४० नेपाळी परत यायला हवेत. शंभराची एक नोट हातात ठेवून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तर तिथेच उभे राहून बाकीचे चाळीस मागायचे.

नोटा ओळखायला सोप्या आहेत. नेपाळी नोटेवर आकडे देवनागरीत असतात, आपल्याच बाराखडीतले. चित्रावरूनही ओळखता येतात : शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेच्या नोटेवर वाघ आणि हजाराच्या नोटेवर हत्ती. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांनी गेंडा, वाघ, हत्ती एवढे पाठ केले तरी काम भागते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. नेपाळला जाताना कुठल्या नोटा न्यायच्या? ८ नोव्हेंबर २०१६ ला आपल्याकडे पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या. तेव्हा नेपाळातल्या कितीतरी लोकांकडे त्या नोटा होत्या. इथे कामाला येऊन गेलेल्यांचे ते कष्टाचे पैसे होते, आणि ते बदलून मिळाले नाहीत. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. हे नियम दोन्ही सरकारे वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत आणि यात्रा कंपनीत ताजा नियम विचारायचा. पण या सगळ्या उलथापालथीत एक नोट कायम चालत राहिली, ती म्हणजे शंभराची. म्हणून आमचे सांगणे असे की नेपाळचा खर्च शंभर, पन्नास आणि वीसच्या नोटांत न्या. बँकेतून शंभराच्या नोटा आठवडाभर आधी मागून ठेवा, निघायच्या दिवशी मिळतीलच असे नाही. पुडके जाड होईल, पण सीमेवर पाचशेची नोट हातात धरून दलालासमोर उभे राहण्यापेक्षा ते बरे.

नेपाळसाठी इथे डॉलर घ्यायच्या फंदात पडू नका. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी आपल्याकडे परकीय चलन दिलेच जात नाही. आपलेच रुपये न्यायचे आणि लागतील तेवढेच सीमेवर किंवा काठमांडूत परवान्याच्या काउंटरवर बदलायचे. रक्सौल-बीरगंज किंवा सोनौली-भैरहवा अशी कुठलीही वाट असो, बसच्या खिडकीशी नोटांचे बंडल घेऊन येणाऱ्याकडून बदलायचे नाही. परतताना उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच मोडून टाका. कर्जतच्या बाजारात ते कुणी घेणार नाही.

आपल्या भागातल्या फार्महाउसवर राखणीला नेपाळी कुटुंबे राहतात. त्यांतल्या वहिनींना एकदा चहाला बोलवा आणि नोटा दाखवायला सांगा. त्यांच्याइतके चांगले कोण शिकवणार?

आखाताकडे जाताना

दुबईचा पैसा दिरहम, सौदीचा रियाल. एक गंमत सांगतो. एके काळी आखातातल्या बऱ्याच भागांत आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हजच्या यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास हज नोटाही होत्या. मग जून १९६६ मध्ये आपल्या रुपयाची किंमत उतरवली गेली. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडायचे ते साडेसात रुपये पडू लागले. ज्यांच्या पेटीत रुपये होते त्यांची कमाई एका दिवसात हलकी झाली. त्यानंतर त्या देशांनी आपला रुपया सोडला आणि स्वतःचा पैसा धरला.

आज दिरहम आणि रियाल दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत. एका डॉलरला साधारण ३ दिरहम ६७ फिल्स आणि पावणेचार रियाल. म्हणून टीव्हीवर 'डॉलर महागला' ही बातमी आली की समजायचे, दिरहम आणि रियालही तेवढेच महागले. जायचे ठरले असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून रोजचा भाव वहीत लिहीत जा. चढ-उताराचा अंदाज येतो.

तिकडे किंमत पाहून रुपये काढायची युक्ती : दिरहम किंवा रियाल जर पंचविसाच्या आसपास असेल, तर किमतीचा पाव हिस्सा काढून त्यापुढे दोन शून्ये लावा. ४० दिरहमची वस्तू. चाळिसाचा पाव दहा, त्यावर दोन शून्ये, हजार रुपये. खेळण्याचे हजार रुपये द्यायचे का, हे मग तुम्ही ठरवा.

तिथल्या नोटेवर एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी आकडे असतात. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे पन्नासची नोट त्या बाजूने चटकन ओळखता येत नाही. नोट उलटवून दुसऱ्या बाजूचा आकडा वाचायची सवय लावा.

कुठे बदलायचे, काय कागद लागतात

आपल्या कर्जत-खोपोलीत बँका भरपूर आहेत, पण प्रत्येक शाखेत परदेशी नोटा हातात मिळतातच असे नाही. आधी चौकशी करायची. नाहीतर पनवेल, कल्याण, ठाणे या बाजूला परवान्याची दुकाने आहेत. रिझर्व्ह बँकेचा परवाना दुकानात लावलेला असतो, तो बघायचा. सोबत पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट न्यायचे. ५० हजार रुपयांपेक्षा जास्तीचे चलन घ्यायचे असेल तर रोख चालत नाही, खात्यातून द्यावे लागतात. एका प्रवासाला परदेशी रोख नोटा साधारणपणे ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळतात, बाकीचे कार्डावर. हज-उमराहला यात सवलत आहे.

पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. पावतीवर भाव, कर आणि आपले नाव बरोबर आहे का ते पाहायचे. उरलेले पैसे परत बदलताना हीच पावती उपयोगी पडते. नोटा तिथेच मोजायच्या, फाटकी, डागाळलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट असेल तर बदलून मागायची. तिकडचे दुकानदार अशी नोट घेताना खळखळ करतात. आणि लहान नोटा मागून घ्यायच्या. टॅक्सीवाल्यासमोर मोठी नोट काढली की मोड नाही म्हणणारे सगळ्या देशांत आहेत.

विमानतळावरच्या काउंटरवर भाव बहुधा सगळ्यात महाग असतो. तिथे गिऱ्हाईक घाईत असते, हे त्यांना माहीत असते. तिथे बदलायची वेळ आलीच तर पहिल्या दिवसाच्या खर्चापुरतेच बदला.

कुणी म्हणेल, 'बँकेची कटकट कशाला, माझा माणूस आहे, इथे रुपये द्या, तिकडे दिरहम मिळतील.' याला हुंडी किंवा हवाला म्हणतात. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली ते बेकायदेशीर आहे. पैसे बुडाले तर तक्रारही करता येत नाही.

कार्ड आणि फोन

मुलगा म्हणेल, आई, रोख कशाला, कार्ड घेऊन जा. चांगले आहे, पण तीन गोष्टी बघायच्या. पहिली, आपले एटीएम कार्ड परदेशात चालू आहे का? ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशात चालतील अशीच मिळतात. परदेशासाठी ती बँकेतून किंवा ॲपमधून वेगळी चालू करून घ्यावी लागतात. दुसरी, परदेशात कार्ड वापरले की अनेक बँका शेकडा साडेतीन रुपयांपर्यंत वेगळा आकार लावतात, आणि मशिनमधून रोख काढली तर प्रत्येक वेळी वेगळे पैसे. म्हणून दहा वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावे. आण्याचा धडा आठवतो ना? बँकेचे प्रवासी कार्डही मिळते. त्यात आधीच दिरहम किंवा डॉलर भरून नेता येतात.

तिसरी गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. दुकानातले मशिन विचारते, रुपयांत भरायचे की तिथल्या पैशात? रुपया दिसला की जीव निवतो, आणि बोट तिकडेच जाते. पण रुपयांत भरायचे म्हटले की ते मशिनवाले आपल्या मनाचा भाव लावतात, आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. म्हणून दिरहम असेल तर दिरहम, डॉलर असेल तर डॉलर, तिथलाच पैसा निवडायचा.

फोनवरून पैसे देणेही आता काही देशांत होते. नेपाळात मार्च २०२४ पासून, आणि दुबईतही काही दुकानांत, आपले यूपीआय चालते. मात्र ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावा लागतो, तिकडे फोनला नेट लागते, आणि मुक्तिनाथच्या वाटेवर डोंगरात नेट नसेल तर हातातली शंभराची नोटच कामाला येते.

पैसा सांभाळणे आणि परत आणणे

सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. थोडे पर्समध्ये, थोडे कनवटीला, थोडे बॅगेच्या आतल्या कप्प्यात. पासपोर्ट आणि पैसे एकाच पिशवीत नकोत. आणि कितीही विश्वासाचा माणूस असला तरी प्रत्येकीचा पैसा प्रत्येकीजवळ. गटाने मिळून बदलायचे ठरवले, तर दोघींनी सोबत जायचे, पावतीचा फोटो सगळ्यांना पाठवायचा आणि वाटप वहीत लिहून सही घ्यायची. कर्जवाटपाला आपण जसे करतो अगदी तसे. यात अविश्वास नाही, ही आपली शिस्त आहे.

परत आल्यावर उरलेले परदेशी पैसे १८० दिवसांत बदलून घ्यायचे असतात. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला परवानगी आहे, पण डब्यात ठेवलेल्या नोटेला व्याज मिळत नाही. पुन्हा जायचे असेल तर ठेवा, नसेल तर मोडा. परदेशी नाणी मात्र आपल्याकडे कुणी बदलून देत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी ती तिथेच चहापाण्याला खर्च करून टाका. चार नाणी नातवंडांना दाखवायला आणली तर चालतील.

पुढच्या बैठकीत हे करा

ऐकलेले विसरायला होते, केलेले राहते. म्हणून पुढच्या बैठकीत वसुली झाली की अर्धा तास काढा. कागदाच्या नेपाळी नोटा करा : गेंडा, वाघ, हत्ती. एकीने दुकानदार व्हायचे, एकीने यात्रेकरू. किंमत कधी भारूत सांगायची, कधी नेरूत. निम्मे आणि निम्म्याचा पाव तोंडी काढायचे. मग एकीने दोन दुकानांचे भाव फळ्यावर लिहायचे, एकाचे कमिशन नाही, दुसऱ्याचे आहे, आणि स्वस्त कुठले ते बाकीच्यांनी शोधायचे. ज्या ताया जाऊन आल्या आहेत त्यांना विचारा, कुठे किती बट्टा पडला. शेकड्यात काढून वहीत लिहा. पुढे जाणाऱ्या मैत्रिणीला ते पान कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडेल.

जाणारीने एवढे तीन प्रश्न पदराला गाठ मारून न्यावेत : भाव काय? वर काय? आणि हातात किती? हे तीन प्रश्न मोठ्याने विचारणारी बाई कुठल्याही देशात गेली तरी तिला कुणी सहज गंडवू शकत नाही. तुमच्यापैकी कुणी यंदा निघाली असेल तर तिला आमच्या सगळ्यांच्या शुभेच्छा. देवदर्शन करा, लेकीला भेटा, बाळाला अंगाखांद्यावर खेळवा. आणि खाऊ घ्याल तो स्वतःच्या हाताने पैसे मोजून घ्या.